पूलचं पाणी गढूळ झालंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं

पाणी गढूळ दिसलं की माणूस आधी बाटली शोधतो, काय टाकू म्हणजे उद्या सकाळपर्यंत निवळेल. मीही हेच करायचो. पूल सांभाळता सांभाळता एवढं कळलंय की दहातल्या सातआठ वेळा भानगड एकतर कमी पडलेल्या क्लोरीनची असते नाहीतर फिल्टरची, आणि दोन्हीवर बाटलीतलं औषध हा इलाज नाहीये. खाली मला सतत विचारले जाणारे प्रश्न आहेत, क्रम फार शिस्तीचा नाही, हवं ते वाचा. हिशोबासाठी सगळीकडे एकच पूल धरलाय: १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल, म्हणजे ७० घनमीटर, म्हणजेच ७०,००० लिटर. तुमचा लहानमोठा असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला.

पाणी गढूळ झालंय, सगळ्यात आधी काय करू?

काहीही टाकू नका. पंप चालू ठेवा, फिल्टरवरचं प्रेशर गेज बघा, पाणी टेस्ट करा. या तीन गोष्टी व्हायच्या आधी टाकलेलं कुठलंही केमिकल म्हणजे अंधारात दगड.

आणि एक, खोल बाजूची तळातली जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका, विशेषतः मुलांना. जंतूंचा भाग वेगळाच, पण अशा पाण्यात कोणी बुडून तळाशी गेलं तर काठावरच्याला ते दिसतच नाही, हा खरा धोका आहे.

निवळलंय की नाही हे बघायची माझी पद्धत म्हणजे खोल बाजूला एक नाणं टाकायचं. छापा आहे की काटा हे वरून सांगता आलं तर पाणी झकास. नुसतं नाणं दिसतंय पण बाजू कळत नाही, म्हणजे अजून काम बाकी आहे.

गढूळपणा कशामुळे आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

काचेचे दोन स्वच्छ ग्लास घ्या आणि हात कोपरापर्यंत बुडवून खालचं पाणी भरा, वरच्या तवंगातलं नको.

पहिल्या ग्लासकडे एक मिनिट नुसतं बघा. तळापासून वर असं भराभर निवळत गेलं तर ते गढूळ पाणी नाहीच, ती बारीक हवा आहे, म्हणजे पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला कुठेतरी हवा घुसतेय. नाही निवळलं तर ग्लास रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तळाशी साका दिसला तर धूळ, माती किंवा मेलेलं शेवाळ. साका नाही आणि पाणी तसंच धूसर, तर कण फार बारीक आहेत, ते वाळूच्या फिल्टरला सहजी सापडत नाहीत.

दुसऱ्या ग्लासात पूलला वापरतो त्या ऍसिडचे दोनतीन थेंब टाका, हातमोजे घालून. दुधाळपणा बघता बघता गायब झाला तर तो कॅल्शियमचा आहे, म्हणजे पीएच (पाणी आम्ल की अल्क याचं माप) किंवा अल्कलिनिटी (पाण्याची ऍसिड पचवायची ताकद) वर गेलीय आणि पाण्यातला चुना बाहेर पडतोय.

शेवाळाचा संशय असेल तर आणखी एक टेस्ट आहे आणि ही माझी सगळ्यात आवडती. सूर्य मावळल्यावर फ्री क्लोरीन (म्हणजे अजून वापरलं न गेलेलं, कामाचं क्लोरीन) मोजा, पंप चालू ठेवा, मध्ये काही टाकू नका, आणि सकाळी उन्हं यायच्या आत परत मोजा. रात्री ऊन नसतं त्यामुळे क्लोरीन उडायचं कारण नाही. तरीही १ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत एक भाग) जास्त घट आली तर पाण्यात क्लोरीन खाणारं काहीतरी जिवंत बसलंय, मग ते हिरवं दिसो न दिसो. शेवाळ हिरवं दिसायच्या आधी बऱ्याचदा पाणी नुसतं मंद होतं, चमक जाते, भिंतीला हात लावला की बुळबुळीत लागतं.

टेस्टमध्ये काय काय बघायचं आणि किती असायला पाहिजे?

फ्री क्लोरीन २ ते ४ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.८ (मी ७.४ ते ७.६ मध्ये ठेवतो), टोटल अल्कलिनिटी ८० ते १२०, कॅल्शियम हार्डनेस २०० ते ४००, आणि उघड्यावरच्या पूलला स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक ऍसिड ३० ते ५०. बंदिस्त पूलला ऊनच लागत नाही, तिथे स्टॅबिलायझरची गरज पडत नाही.

पिवळा रंग येणारं जे साधं किट असतं ते फक्त टोटल क्लोरीन दाखवतं, म्हणजे कामाचं आणि बिनकामाचं सगळं एकत्र. गढूळपणा शोधताना त्याचा उपयोग नाही. गुलाबी रंगवालं डीपीडी किट घ्या, त्यात फ्री आणि टोटल वेगळं कळतं. पण डीपीडीचीही एक खोड आहे, क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर चमकून उडून जातो आणि नळी पांढरी दिसते, बघणारा म्हणतो क्लोरीन शून्य आणि अजून दोन किलो ओततो. शंका आली तर पूलचं एक भाग पाणी आणि क्लोरीन नसलेलं चार भाग पाणी मिसळून टेस्ट करा, आलेला आकडा पाचने गुणा.

पीएचने असा काय फरक पडतो?

खूप पडतो. पाण्यातल्या क्लोरीनचा जो भाग जंतू मारतो त्याचं प्रमाण पीएचवर ठरतं. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात पीएच ७.२ ला साधारण दोन तृतीयांश क्लोरीन कामाचं असतं, ७.५ च्या आसपास निम्मं, आणि ८ ला जेमतेम चौथाई. म्हणजे तेवढेच पैसे घालून काम निम्म्याहून कमी. वर पीएच चढला की कॅल्शियम पाण्यात विरघळलेलं राहत नाही, पांढरी धूसर छटा येते, आणि पाणी कोमट असेल तर अजून लवकर येते.

पीएच कमी करायला ऍसिड, वाढवायला सोडा ॲश (धुण्याचा सोडा). अल्कलिनिटी वाढवायला मात्र सोडा ॲश नाही, खायचा सोडा, आपल्या ७० घनमीटरला १० पीपीएम चढवायला साधारण १.२ किलो. सोडा ॲश एकाच जागी भसकन ओतली की तिथलं पाणी लगेच दुधासारखं होतं, लोक घाबरतात. पूलच्याच पाण्यात बादलीत विरघळवून, पंप चालू असताना, काठाने फिरत फिरत सोडायची.

क्लोरीन ३ आहे, पीएच बरोबर आहे, तरी पाणी निवळत नाही. असं का?

स्टॅबिलायझर मोजला का? बहुतेकांनी मोजलेला नसतो. सायन्युरिक ऍसिड उन्हापासून क्लोरीनला वाचवतं ते खरं, पण त्यासाठी ते क्लोरीनला धरून ठेवतं, आणि जास्त झालं की इतकं घट्ट धरतं की क्लोरीन काम करायला मोकळंच राहत नाही. स्टॅबिलायझर १०० च्या वर असताना ३ पीपीएम क्लोरीन म्हणजे नावालाच. पूल सांभाळणाऱ्यांत चालणारा एक ठोकताळा आहे, फ्री क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास तरी हवं: ४० ला ३, ८० ला ६.

आता हा स्टॅबिलायझर वाढतो कुठून, तर गोळ्यांतून. ट्रायक्लोरच्या गोळ्यांनी १० पीपीएम क्लोरीन दिलं की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक ऍसिड जातंच. रोज २ पीपीएम क्लोरीन लागतं असं धरा, म्हणजे रोज १.२ आणि महिन्याला ३६. एका सीझनमध्ये कुठे जाईल बघा. आणि ते उन्हाने उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. कमी करायचा भरवशाचा मार्ग एकच, थोडं पाणी काढा आणि नवं भरा. त्यामुळे गोळ्या बाहेरगावी जाताना ठीक, रोजच्याला लिक्विड क्लोरीन बरं.

क्लोरीनचा वास एवढा येतोय की डोळे चुरचुरतात, म्हणजे क्लोरीन जास्त झालंय ना?

उलट. तो उग्र वास बहुतेक वेळा क्लोरामाइनचा, म्हणजे घाम, लघवी, क्रीम यांच्याशी झटापट करून दमलेल्या क्लोरीनचा. टोटलमधून फ्री वजा करा, ०.५ च्या वर आलं तर शॉक द्यायची, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन टाकायची, वेळ झाली. आणि पाण्यात उतरायच्या आधी सगळ्यांनी एक मिनिट जरी अंगावर शॉवर घेतला ना, तर हा भार खूपच कमी होतो. पाटी लावून कोणी ऐकत नाही हा भाग वेगळा.

शॉक म्हणजे नेमकं किती टाकायचं?

१ पीपीएम म्हणजे १,००० लिटरला १ ग्रॅम, हे एक सूत्र डोक्यात ठेवलं की कोणाला विचारावं लागत नाही. ७० घनमीटरमध्ये १० पीपीएम वाढवायचं तर ७०० ग्रॅम क्लोरीन. ६५ टक्केवाली कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर असेल तर साधारण १.१ किलो, १० टक्केवालं लिक्विड असेल तर ७ लिटर. लिक्विड ताजं पाहिजे, उन्हात आणि उकाड्यात पडून राहिलेल्या कॅनवर १० टक्के लिहिलं असलं तरी आत तेवढं उरलेलं नसतं.

क्लोरामाइनसाठी शॉक असेल तर वजाबाकी करून जो आकडा आला त्याच्या दहापट. शेवाळासाठी असेल तर एका दिवसाचा मामला नाही, क्लोरीन वर न्यायचं, ते पडलं की परत वर न्यायचं, आणि वरची रात्रीची टेस्ट पास होईपर्यंत हे करत राहायचं. सोबत रोज ब्रश, भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागचा भाग, लाइटच्या कडा. ब्रश नाही मारला तर शेवाळाच्या वरच्या थराखालचं सगळं सुखरूप राहतं आणि चार दिवसांनी परत येतं.

शॉक आधी पीएच ७.२ च्या आसपास आणून, संध्याकाळी द्यायचा. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी नाही. क्लोरीन आणि ऍसिड एका बादलीत, एका मगात, एका कपाटात नाही, त्यातून विषारी वायू निघतो. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपो एकमेकांत मिसळले तर पेट घेऊ शकतात, स्फोटही होतो, तेव्हा गोळ्यांच्या फीडरमध्ये पावडर भरायचा शहाणपणा करू नका.

शॉक दिला आणि पाणी अजूनच पांढरं झालं!

घाबरू नका. हिरवं होतं आणि पांढरट राखाडी झालं असेल तर शेवाळ मेलंय, चांगली बातमी आहे, आता फक्त फिल्टरने ते उचलायचं आहे. हिरवं नव्हतंच तर बघा काय वापरलंत. कॅल्शियम हायपोने काही तास धूसर दिसतं आणि मग जातं. साधी ब्लीचिंग पावडर वापरली असेल तर तिच्यात न विरघळणारा चुना भरपूर असतो, तो तसाच पाण्यात तरंगतो. ती वापरायचीच असेल तर आदल्या रात्री ड्रममध्ये कालवून ठेवा आणि सकाळी वरची निवळी तेवढी पूलमध्ये सोडा, खालचा गाळ नाही.

पंप रोज किती तास चालवू?

आधी हे समजून घ्या की "एक टर्नओव्हर झाला" (पूलमध्ये आहे तेवढं पाणी पंपाने एकदा फिरवलं) म्हणजे सगळं पाणी फिल्टरमधून गेलं असं नाही. गाळलेलं पाणी परत त्याच पूलमध्ये पडतं आणि न गाळलेल्यात मिसळतं, त्यामुळे काही पाणी दोनदा जातं आणि काही एकदाही नाही. एका टर्नओव्हरमध्ये साधारण ६३ टक्के पाणी फिल्टर बघतं, दोनमध्ये ८६, तीनमध्ये ९५. म्हणूनच गढूळ पाण्याला "आज आठ तास चालवला की" हे उत्तर पुरत नाही.

आपल्या पूलला पंप तासाला ९ घनमीटर देत असेल तर एक टर्नओव्हर जवळपास ८ तासांचा. नेहमीच्या दिवसात घरगुती पूलला दिवसाला एक ते दोन पुरतात. गढूळ असताना मात्र २४ तास, पाणी निवळेपर्यंत. पंप बंद ठेवून निवळायची वाट बघणारे लोक आहेत, वीज वाचते म्हणून, आणि पंधरा दिवस तसंच गढूळ पाणी बघत बसतात.

पाणी सगळीकडे फिरतंय का तेही बघा. परत येणाऱ्या पाण्याची तोंडं वर आकाशाकडे असतील तर तळाचं पाणी हलतच नाही. ती थोडी खाली आणि सगळी एकाच दिशेला वळवा, म्हणजे पूलभर एक मंद फेर धरला जातो. कोपऱ्यातल्या पायऱ्यांपाशी तरंगतं पान टाकून बघा, ते पाचदहा मिनिटं जागेवरच राहिलं तर तिथे पाणी फिरत नाहीये.

बॅकवॉश कधी आणि किती वेळ?

बॅकवॉश म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून वाळूतली घाण बाहेर काढणं. तो झाल्या झाल्या गेज काय दाखवतंय ते फिल्टरवर मार्करने लिहून ठेवा, समजा १२ पीएसआय. त्याच्यापेक्षा ८ ते १० वर गेलं, म्हणजे २० ते २२ झालं, की बॅकवॉश. वार ठरवून करू नका, गेज बघून करा.

पद्धत: पंप बंद. हे महत्त्वाचं, चालू पंपावर मल्टिपोर्टचं (फिल्टरवरच्या, पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचं) हँडल फिरवलं की आतली गॅस्केट जाते. हँडल बॅकवॉशवर, पंप चालू, आणि नजर त्या छोट्या काचेवर. पहिली पाचदहा सेकंद साधं पाणी दिसतं, मग एकदम चहाच्या रंगाचा लोंढा येतो, मग फिकट, मग परत एक गडद लाट. ही दुसरी लाट बरेच जण बघतच नाहीत, आधीच बंद करतात. काच स्वच्छ झाली की अजून अर्धा मिनिट, एकूण दोनतीन मिनिटं धरा. मग पंप बंद, हँडल रिन्सवर (सुलट धुऊन ते पाणी बाहेर टाकणं), अर्धा ते एक मिनिट, पंप बंद, फिल्टरवर. रिन्स टाळला की बॅकवॉशची उरलेली घाण थेट पूलमध्ये येते, आणि मग प्रश्न येतो की "बॅकवॉश केला की पाणी जास्तच गढूळ का होतं".

मी तर रोज बॅकवॉश करतो, तरी फरक नाही.

रोज करता म्हणूनच. वाळूत थोडी घाण साठली की दाण्यांमधल्या फटी बारीक होतात आणि ती वाळू जास्त बारीक कण पकडायला लागते. अगदी धुतलेली वाळू सगळ्यात वाईट गाळते. शेवाळ मारताना प्रेशर खरंच रोज चढत असेल तर करा, एरवी हात आवरा.

फिल्टर चालू आहे, प्रेशर नॉर्मल आहे, पण पाणी साफ होत नाही. फिल्टरमध्ये काय बिघडलं असेल?

आधी हँडल कुठे आहे ते बघा. हसू नका. मी एकदा तीन दिवस पाणी निवळायची वाट बघितली, त्या तीन दिवसांत दोनदा क्लॅरिफायर (बारीक कण एकत्र करणारं औषध) टाकला, वाळू बदलायचाही विचार केला, आणि तिसऱ्या संध्याकाळी लक्षात आलं की हँडल रीसर्क्युलेटवर आहे. आधीच्या आठवड्यात केमिकल मिसळायला मीच तिथे ठेवलं होतं. पाणी फिल्टरला बाहेरून नमस्कार करून परत येत होतं.

हँडल बरोबर असेल तर मल्टिपोर्टच्या आतली चाकाच्या आऱ्यांसारखी गॅस्केट तपासा. ती फाटली किंवा जागची उठली की थोडं पाणी न गाळताच पलीकडे जातं. फिल्टर पोझिशनला असतानाही वेस्टच्या (पाणी बाहेर टाकायच्या) पाइपातून पाणी ठिबकत असेल तर संशय पक्का.

मग वाळू. पंप बंद करून, प्रेशर पूर्ण सोडून, झाकण उघडा. निरोगी वाळू सपाट आणि मोकळी असते, मुठीत घेतली तर बोटांतून गळते. मी उघडलेल्या एका फिल्टरमध्ये वरून सगळं ठीक दिसत होतं, पण हात वीतभर खाली घातला तर लिंबाएवढे गोळे लागले, वाळू, तेल आणि कॅल्शियम एकत्र होऊन घट्ट झालेले, फोडल्यावर आत काळपट आणि वास मारणारे. भिंतीलगत बोट जाईल अशी खाच पडली होती. पाणी हुशार असतं, ते गोळ्यांमधून कशाला जाईल, त्या खाचेतून सरळ खाली. त्यामुळे गेज नॉर्मल आणि पाणी गढूळ. वाळूची थोडीफार अशी अवस्था असेल तर वरचा थर ढवळून, गोळे काढून, फिल्टर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवून लांब बॅकवॉश दिला की चालून जातं. गोळे खोलवर असतील तर वाळू बदला, तसंही पाचसात वर्षांनी बदलायचीच असते. नवी वाळू ०.४५ ते ०.५५ मिलिमीटरची सिलिका, फिल्टरसाठीची. बांधकामाची चालत नाही. भरताना टाकी आधी अर्धी पाण्याने भरा, म्हणजे तळातल्या नळ्यांवर वाळू आदळत नाही.

पूलमध्ये जिथून पाणी परत येतं तिथे खाली वाळूची छोटी रास दिसत असेल तर तळातली एखादी नळी फुटलीय. तिला दुसरा इलाज नाही, वाळू काढून नळी बदलणं.

वाळू, कार्ट्रिज की डीई, गाळायला कोणता चांगला?

नुसतं गाळणं बघितलं तर डीई (डायटोमेशियस अर्थ नावाच्या बारीक पावडरीतून गाळणारा), तो ३ ते ५ मायक्रॉनपर्यंत पकडतो. कार्ट्रिज (घड्या घातलेल्या कापडी नळकांड्याचा फिल्टर) १० ते २०, वाळू २० ते ४०. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. पण डीईची पावडर प्रत्येक बॅकवॉशनंतर परत घालावी लागते, आतला कपडा फाटला की तीच पावडर पूलमध्ये येऊन पाणी पांढरं करते. कार्ट्रिजला पाणी कमी लागतं, पण काढून पट्टी पट्टी धुवावी लागते, आणि तेलकट झाली असेल तर आधी तेल काढणारा क्लीनर, मग ऍसिड. उलटं केलं तर तेल आत बसतं ते निघतच नाही. वाळू सगळ्यात बिनडोक्याची, म्हणून मला आवडते.

मग मोठा पंप बसवला तर पाणी लवकर साफ होईल?

हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि बऱ्याचदा उलटा पडतो. ६०० मिलिमीटर व्यासाच्या फिल्टरचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर. तासाला ८.५ घनमीटर सोडलं तर वाळूतून पाणी तासाला ३० मीटर वेगाने जातं, छान गाळलं जातं. तिथेच १४ घनमीटरचा पंप लावला तर वेग ५०, आणि बारीक घाण वाळूतून ढकलली जाऊन पुन्हा पूलमध्ये. पैसे खर्चायचे असतील तर फिल्टर मोठा घ्या, पंप नाही. वेग बदलता येणारा पंप असेल तर कमी वेगाने जास्त वेळ चालवा, वेग निम्मा केला की वीज सिद्धांताने आठव्या हिश्श्यावर येते, प्रत्यक्षात थोडी जास्त लागते पण तरी खूप वाचते. बॅकवॉशला मात्र पूर्ण वेग.

क्लॅरिफायर आणि फ्लॉक यात फरक काय? आणि तुरटी चालते का?

क्लॅरिफायर बारीक कणांचे छोटे गुच्छ करतो आणि ते फिल्टर पकडतो, पंप चालूच. फ्लॉकने मोठे जड पुंजके होऊन तळाशी बसतात, पंप बंद, आणि ते व्हॅक्यूमने थेट वेस्टला काढायचे. क्लॅरिफायर डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त टाकला तर कण एकमेकांना लांब ढकलतात आणि पाणी आहे त्यापेक्षा गढूळ होतं, तेव्हा दुसरा डोस टाकायची घाई नको. दोन्ही वापरायचे ते क्लोरीन आणि फिल्टर ठीक झाल्यावर, जिवंत शेवाळावर नाही. कार्ट्रिज किंवा डीई असेल तर फ्लॉक त्यातून जाऊ देऊ नका, चिकटून बसतो.

तुरटी चालते, जुना आणि चांगला फ्लॉक आहे. किती टाकायची ते बादलीत ठरवा: १ लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवा. पूलचं पाणी १०-१० लिटरच्या तीन बादल्यांत घ्या, त्यात या द्रावाचे २०, ४० आणि ६० मिलिलिटर घाला, मिनिटभर जोरात, मग पाच मिनिटं हळू ढवळा आणि तासभर सोडा. सगळ्यात कमी डोसमध्ये जी बादली निवळली ती धरा. या मापात १० मिलिलिटर म्हणजे घनमीटरला १० ग्रॅम, म्हणजे ४० वाली जिंकली तर आपल्या पूलला २.८ किलो. पाण्यात पूर्ण विरघळवून सगळीकडे शिंपडा, रीसर्क्युलेटवर तासाभरात मिसळा, मग पंप रात्रभर बंद. तुरटी अल्कलिनिटी खाते, घनमीटरला ४० ग्रॅमने ती साधारण २० पीपीएम उतरते आणि पीएचही खाली येतो, म्हणून आधी आणि नंतर मोजा.

सकाळी तळाशी मऊ पांढरी चादर पसरलेली दिसेल. खरी परीक्षा इथे. व्हॅक्यूमचा ब्रश जरा जोरात ओढला की ती चादर ढगासारखी उठते आणि रात्र फुकट. हँडल वेस्टवर, अगदी गोगलगाईच्या वेगाने, ओळीने. पाण्याची पातळी खाली जाणार, नळी भरायला लावून ठेवा.

परत येणाऱ्या पाण्यात बुडबुडे येतायत.

पंपाच्या आधी कुठेतरी हवा घुसतेय. निम्म्या वेळा ती जाळीच्या झाकणाची ओ-रिंग असते. पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नाही, त्याने रबर फुगतं. मग पाण्याची पातळी बघा, स्किमरच्या (काठावरच्या, वरवरचा कचरा ओढणाऱ्या खिडकीच्या) तोंडाच्या निम्म्यापर्यंत हवी.

विहिरीच्या पाण्याने भरला, क्लोरीन टाकलं आणि पाणी चहासारखं झालं.

पाण्यात लोह आहे. विरघळलेलं लोह दिसत नाही, क्लोरीनने त्याचा गंज होतो आणि तपकिरी रंग येतो. फिल्टर चालवत राहा, बराच गंज तो अडवतो, नाहीतर फ्लॉक करून काढा. पुढच्या वेळी भरायच्या आधी पाण्यातलं लोह आणि हार्डनेस तपासा.

शेवाळ जावं म्हणून मोरचूद टाकू का?

मी टाकत नाही. शेवाळ मरतं हे खरं, पण तांबं पाण्यातच साठत जातं, टाइल्सवर डाग पडतात, फिकट केसांना हिरवी झाक येते. क्लोरीन नीट ठेवलं तर त्याची गरजच पडत नाही.

पूल मिठावर चालतो, त्याला हे सगळं लागू आहे का?

हो. मिठाच्या मशीनमध्येही शेवटी क्लोरीनच तयार होतं. फरक एवढाच की अशा पूलमध्ये पीएच सतत वर चढत राहतो, तो जरा जास्त वेळा बघा, आणि मशीनच्या प्लेटांवर पांढरा थर बसला की क्लोरीन गुपचूप कमी होतं. शॉक द्यायला मशीनवर अवलंबून राहू नका, हाताने लिक्विड टाका.

किती दिवसांत निवळेल?

फ्लॉक नीट जमला तर दीड दिवस. नुसती धूळ आणि बरा फिल्टर असेल तर दोनतीन दिवस. मेलेलं शेवाळ वाळूच्या फिल्टरवर काढायला आठवडा सहज जातो, डीईवर त्याच्या निम्म्यात होतं. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून एक फोटो काढत जा, नाहीतर तिसऱ्या दिवशी "काहीच फरक नाही" असं वाटतं आणि हात परत बाटलीकडे जातो.

सगळं पाणीच काढून नवीन भरलं तर?

स्टॅबिलायझर किंवा हार्डनेस हाताबाहेर गेला असेल तर थोडं थोडं करून पाणी बदलणं हाच उपाय आहे, स्टॅबिलायझर १०० वरून ५० ला आणायला निम्मं पाणी बदलावं लागतं. पण नुसत्या गढूळपणासाठी पूर्ण रिकामा करू नका. आजूबाजूच्या जमिनीत पाणी वर असेल तर रिकामा पूल खालून उचलला जाऊ शकतो, तडे जातात, आतलं लायनर असेल तर ते आक्रसतं. आणि फिल्टर तोच राहिला तर आठवड्याने नवं पाणीही तसंच दिसणार, तेव्हा पाणी सोडायच्या आधी एकदा फिल्टरचं झाकण उघडून वाळूत हात घालून बघा.